तोच गेम, पुन्हा तोच गेम: हे व्यसन आहे का?

"डॉक्टर, निदान नवीन गेम तरी खेळावा ना! तीन वर्षं झाली, हा एकच धरून बसलाय. तेच रस्ते, तीच भुतं, तेच ओरडणं. याच्या डोक्यात काही बिघाड झालाय का, तेवढं बघा."

समोर वडील आणि त्यांच्या शेजारी वीस वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तक्रारी तीन होत्या. डोकं दुखतं, रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी कॉलेजला उठवत नाही. (रुग्णांची ओळख पटेल असे तपशील या लेखात बदलले आहेत.) मुलगा मान खाली घालून बसला होता. "कुठला गेम?" असं मी विचारलं तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाला, "लेफ्ट फोर डेड टू. तुम्हाला नाही माहीत असणार."

मला माहीत होता, आणि त्यामागे एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाच्या वडिलांना मी दोन मिनिटांत सल्ला दिला होता: कॉम्प्युटर महिनाभर कपाटात ठेवा. त्यांनी ठेवला. महिन्याभराने मुलगा आला तो जास्त गप्प, जास्त चिडका. झोपही सुधारली नव्हती. खूप वेळाने त्याने सांगितलं की शाळेतले त्याचे तीन मित्र तीन वेगळ्या गावांना शिकायला गेले होते आणि रोज रात्री हे चौघं त्या गेममध्ये भेटत. मी गेम बंद केला असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी त्याचा कट्टा बंद केला होता. मी त्याला हा एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. त्यानंतर मी हा गेम काय आहे ते नीट समजून घेतलं. तर आज त्याबद्दलच लिहितो, कारण 'तोच तो गेम' ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि तिच्यात नेहमी आजार असतोच असं नाही.

हा गेम आहे तरी काय?

लेफ्ट फोर डेड हा व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा गेम नोव्हेंबर २००८ मध्ये आला आणि बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. कथा अगदी साधी आहे. एका साथीत लोक झोंबी झाले आहेत, चार माणसं वाचली आहेत आणि त्यांना एका सुरक्षित खोलीतून पुढच्या सुरक्षित खोलीपर्यंत जिवंत पोहोचायचं आहे. शेवटच्या टप्प्यात सुटकेसाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरची, बोटीची किंवा गाडीची वाट पाहत तग धरायचा. पहिल्या भागात सुरुवातीला अशा चार मोहिमा होत्या, प्रत्येकी पाच टप्प्यांच्या. पहिल्याच मोहिमेत ही चार माणसं कुठे पोहोचण्यासाठी धडपडतात? एका हॉस्पिटलच्या गच्चीवर! आम्हा डॉक्टरांना बरं वाटावं असा हा तपशील आहे, पण मधल्या वॉर्डांची अवस्था पाहिली की ते बरं वाटणं टिकत नाही.

म्हणजे वडील म्हणत होते ते अर्धं खरं होतं. रस्ते तेच, इमारती त्याच, दारं तिथेच. वर्षभर खेळलेल्या मुलाला ते स्वतःच्या गल्लीसारखे पाठ असतात. मग कंटाळा का येत नाही?

याचं उत्तर ज्याला हे लोक 'डायरेक्टर' म्हणतात त्या प्रोग्राममध्ये आहे. नाटकाच्या दिग्दर्शकासारखा तो पडद्यामागे बसलेला असतो. झोंबी कुठून आणि किती यायचे, औषधाचा डबा कोणत्या कपाटात असायचा, मोठा राक्षस आज भेटायचा की नाही, हे तो दर खेळाला नव्याने ठरवतो. ते ठरवताना तो चौघांवर किती ताण आला आहे याचा अंदाज घेत राहतो. कोणी जखमी झालं, कोणी पडलं, अगदी अंगाजवळ झोंबी मारावा लागला, की त्याचा ताणाचा आकडा वाढतो. शांतता असली की हळूहळू उतरतो. या डायरेक्टरची रचना माईक बूथ यांनी २००९ मध्ये जाहीरपणे समजावून सांगितली आहे. ताण वाढवत न्यायचा, शिखरावर तो फक्त तीन ते पाच सेकंद टिकवायचा, मग उतरू द्यायचा आणि नंतर साधारण ३० ते ४५ सेकंद श्वास घ्यायला मोकळीक द्यायची. मग पुन्हा चढण.

हे वाचलं तेव्हा मला फिजिऑलॉजीचं पुस्तक आठवलं. संकट दिसलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी वाढते, तळहाताला घाम सुटतो. संकट टळलं की दुसरी, शांत करणारी मज्जासंस्था काम हातात घेते. सतत ताण दिला तर माणूस थकतो, सतत शांतता दिली तर कंटाळतो. चढ-उतार हवा. पुढे व्हॉल्व्हच्या लोकांनी खेळणाऱ्याच्या त्वचेवरचा घाम मोजून ती माहिती या डायरेक्टरला पुरवण्याचा प्रयोगही केला आणि २०११ मध्ये तो मांडला. आम्ही ज्या खुणांवरून रुग्णाची भीती ओळखतो, त्याच खुणा.

हे तंत्र ऐकायला नवीन वाटतं, पण तुम्हाला ते परिचयाचं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या घरी मेंढीकोट खेळलाय ना? तीच ५२ पानं, तीच चार माणसं, तोच ओटा. दुपारभर खेळायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. "रोज तीच पानं कसली खेळता?" असं कोणी आजीने विचारलं नाही, कारण पानं तीच असली तरी पिसल्यावर हात वेगळा येतो हे तिला माहीत होतं. त्या मुलाच्या गेममध्ये पानं पिसणारा एक हुशार माणूस बसवला आहे, एवढाच फरक.

आता थोडं मेंदूबद्दल

"गेम खेळताना डोपामाइन वाढतं, म्हणजे ते ड्रग्जसारखंच" हा मेसेज तुम्हाला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आलेला असणार. पहिला अर्धा भाग खरा आहे. १९९८ मध्ये लंडनला आठ पुरुषांवर केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, रणगाडा चालवायचा गेम खेळताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामाइन बाहेर पडतं असं दिसलं होतं. पण डोपामाइन आवडतं जेवण जेवताना वाढतं, आवडतं गाणं ऐकताना वाढतं. ते वाढणं हा आजाराचा पुरावा नाही. नाहीतर पुरणपोळी खाणारा प्रत्येक जण व्यसनी ठरेल.

त्याहून उपयोगाची माहिती वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळते. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात पेटत. मात्र दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, की रस मिळताना त्या पेशी जवळजवळ शांतच राहत आणि पेटत त्या दिवा लागताना. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाज आणि वास्तव यांतला फरक मोजतात. सगळं अंदाजाप्रमाणे घडलं तर त्यांच्या लेखी बातमीच नाही. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद फिका पडतो तो बहुधा म्हणूनच. आणि रस्ता पाठ असूनही पुढच्या दारामागे काय आहे हे माहीत नसेल, तर तो रस्ता शिळा होत नाही.

पण मला वाटतं, हे अर्धंच उत्तर आहे. नुसता डायरेक्टर असता तर मुलं वर्षभर खेळली असती, पंधरा-सोळा वर्षं नाही. तो दुसरा भाग आजही रोज हजारो लोक खेळतात. उरलेलं अर्धं उत्तर गेमच्या 'सहकारी' असण्यात आहे. (सहकारी म्हटलं की आपल्याकडे साखर कारखाना आठवतो. इथे निवडणूक नसते, एवढं समाधान.)

या गेममध्ये एकट्याने शहाणपणा चालत नाही. तब्येत शून्यावर आली की तुम्ही कोसळता आणि स्वतःहून उठू शकत नाही. मित्राला मागे येऊन, गोळ्या झाडणं थांबवून, काही सेकंद तुम्हाला हात द्यावा लागतो. 'हंटर' नावाचा झोंबी छातीवर येऊन बसला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही, दुसऱ्यानेच सोडवायचं. दोनदा कोसळून उठलात की पडदा काळा-पांढरा होतो: आता उपचार केला नाही आणि पुन्हा पडलात तर संपलं. आणि औषधाचा डबा प्रत्येकाकडे एकच मावतो. स्वतःला वापरायचा, की लंगडणाऱ्या मित्राला लावायचा? आमच्या भाषेत हा ट्रायाज आहे, आधी उपचार कोणाला हा निर्णय. मोठमोठ्या अपघात विभागांत तो घेताना डॉक्टरांचे आवाज चढतात. ही पोरं तो रात्री अकरा वाजता हेडफोनवर घेत असतात, म्हणून ते 'ओरडणं'.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेममध्ये वेदनाशामक गोळ्या घेतल्या की तब्येत वाढते, पण ती वाढ तात्पुरती असते आणि बघता बघता उतरते. हे अगदी बरोबर! गोळी दुखणं झाकते, जखम भरत नाही. गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने मनाने गोळ्या घेणाऱ्यांना हा गेम दाखवावा असं वाटतं. दुसऱ्या भागातलं डिफिब्रिलेटर मात्र साफ चूक आहे. मेलेल्याला शॉक दिला की तो उठून चालू लागतो. खऱ्या आयुष्यात हे यंत्र हृदयाची विशिष्ट प्रकारची बिघडलेली लय मोडण्यासाठी असतं. ज्या हृदयात विद्युत हालचालच उरलेली नाही तिथे शॉकचा उपयोग नाही, तिथे छाती दाबत राहणं आणि औषधं लागतात. घरच्यांपैकी कोणी अचानक कोसळलं तर १०८ ला फोन करा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

मूळ मुद्द्यावर येतो. चारातला एक माणूस बदलला की हा अख्खा खेळ बदलतो. कोणी घाबरट, कोणी आगाऊ, कोणी सगळ्यांना डबा वाटणारा. कट्ट्यावर रोज तेच चौघं तोच चहा पितात, तिथे आपण 'तोच चहा' अशी तक्रार करत नाही.

मग काळजी कशाची करायची?

माझं मत असं आहे: मूल एखादा गेम कितीदा खेळतं यापेक्षा, त्याला परत कोण बोलावतं हे पाहा. मित्र बोलावतात? खेळाची मजा बोलावते? की कंपनीने लावलेला गळ?

लेफ्ट फोर डेडमध्ये दर मोहिमेच्या सुरुवातीला तुम्ही पुन्हा साध्या शस्त्रांनिशी उभे राहता. मागच्या आठवड्यात दहा तास खेळलात म्हणून आज बंदूक मोठी मिळत नाही, महिनाभर आला नाहीत म्हणून काही बुडत नाही. तुमचं खेळणं जमा होत नाही, फक्त हात सुधारतो. आता याउलट मोबाइलवरचे कित्येक गेम पाहा. रोज हजेरी लावा तर बक्षीस, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली, पैसे भरा आणि बंद पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की प्राणी थकेपर्यंत कळ दाबत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने मागच्या शतकात दाखवलं होतं. जुगाराचं यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. दोन्ही प्रकारांत अनिश्चितता आहे हे खरं. पण एकात ती खेळाच्या आत आहे, दुसऱ्यात ती तुमच्या खिशाला आणि झोपेला बांधलेली आहे. अनेक पालक ऑनलाइन रमी आणि मित्रांबरोबरचा झोंबीचा गेम एकाच टोपलीत टाकतात, आणि माझ्या दवाखान्यात तरी घर बुडवणारा प्रकार पहिला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार म्हणून नोंदवला आहे, १ जानेवारी २०२२ पासून तो आजारांच्या अधिकृत यादीत लागू आहे. त्याची लक्षणं वाचा. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि या सगळ्याने शिक्षण, नाती, काम यांचं मोठं नुकसान होणं. हे साधारण १२ महिने दिसायला हवं, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान करता येतं. 'तोच गेम शंभर वेळा' असं त्यात कुठेही नाही. तासांचा ठरावीक आकडाही नाही. वरची लक्षणं मात्र असतील तर वाट बघू नका. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याचा स्वतंत्र दवाखाना आहे, आणि तुमच्या शहरातले मानसोपचारतज्ज्ञही मदत करू शकतात.

मी या गेमची जाहिरात करत नाही, हेही सांगतो. तो रक्ताने भरलेला आहे. अमेरिकेत त्याला १७ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे, ऑस्ट्रेलियात दुसऱ्या भागाला २००९ मध्ये आधी परवानगीच नाकारली होती आणि कापाकापी करून तो विकावा लागला. अशा गेममुळे मुलं खुनी होतात असा पुरावा नाही, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये तसं म्हटलं आहे. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी छोटासा पण खरा संबंध दिसतो हेही त्यांनीच सांगितलं आहे. बारा वर्षांच्या मुलाचा बाप हा लेख दाखवून मला विचारेल, तर माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

आता समोरच्या मुलाकडे वळतो. ताबा सुटला होता का? नाही, परीक्षेच्या महिन्यात त्याने गेम उघडला नव्हता. मग झोप का येत नव्हती? विचारत गेल्यावर कळलं की चौघांतला एक जण जर्मनीला शिकायला गेला होता. त्याची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. तो मोकळा होईपर्यंत इथे साडेअकरा वाजत. मोहीम दीड वाजता संपे, आणि संपे ती सगळ्यात चढ्या टप्प्यावर. शरीर अ‍ॅड्रिनलिनने भरलेलं, डोळ्यांसमोर प्रखर उजेड, आणि लगेच अंथरूण. या अवस्थेत मलाही झोप लागणार नाही.

गेम बंद करा असं मी म्हटलं नाही. शनिवार-रविवारी आपल्या संध्याकाळी सहाला बसा, जर्मनीत तेव्हा दुपार असते. इतर दिवशी खेळायचंच तर एक टप्पा, आणि झोपेच्या निदान तासभर आधी तो संपलेला हवा. या गेमची एक सोय अशी की पुढच्या वेळी मोहीम त्याच टप्प्यापासून सुरू करता येते, सुरक्षित खोलीचं दार लावलं की थांबायला हरकत नाही. हेडफोनचा आवाज कमी, आणि डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी बघणं.

वडिलांना वेगळं सांगितलं. "'बंद कर' म्हणू नका, 'कितव्या खोलीत आहेस?' विचारा. तो मध्येच उठला तर तिघं मित्र अडकतात, म्हणून तो उठत नाही. आणि एकदा शेजारी बसून पूर्ण मोहीम बघा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच आजारी आहे.

पाच आठवड्यांनी दोघं परत आले. झोप साडेअकराच्या आसपास लागते आहे, पहिलं लेक्चर आठवड्यात एखादंच चुकतं. डोकेदुखी मात्र तशीच होती, म्हणून डोळे तपासायला पाठवलं, तर चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला. ते मी पहिल्याच भेटीत करायला हवं होतं.

वडिलांनी मोहीम बघितली का, असं मी विचारलं. "बघितली कुठली, खेळायलाच बसवलं मला," ते म्हणाले. "दारातून बाहेर पडलो आणि पडलोच. त्या जर्मनीवाल्याने तीनदा उचललं. लहान होता तेव्हा आमच्याकडेच जेवायचा तो."